दोन पाकळ्यांची झडप

सामोआच्या सावाई बेटावर शाळाशाळांतून फिरून मुलांची हृदयं सोनोग्राफीवर तपासणं, हे लेउतूचं काम. तिथे कुणाच्या छातीत खरखर ऐकू आली की नर्सपासून पाद्र्यापर्यंत सगळे एकच सांगतात: लहानपणी घसा दुखला, ताप आला, घरच्यांनी दुर्लक्ष केलं आणि झडप बिघडली. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं, म्हणून उरलेल्यांकडे कुणी नीट बघत नाही.

लेउतूचा थोरला भाऊ पेसामिनो याच कारणाने लहानपणापासून दर महिन्याला पेनिसिलिनची सुई टोचून घेत होता. त्याला ताप आला तेव्हा आई सोफाइयाने दवाखाना सोडून तेल चोळणाऱ्या म्हातारीचं घर गाठलं होतं. ही गोष्ट गावाला तोंडपाठ होती. लेउतू तर पालकसभेत आईचंच उदाहरण द्यायची, तेही आई समोर बसलेली असताना. आई पंख्याने वारा घेत मुकाट ऐकायची. लेउतूला यात आपला सडेतोडपणा वाटायचा. निर्दयपणा होता तो, दुसरं काय!

त्या सकाळी वर्गातली पोरं सदरे काढायला तयार होईनात. मशीन गाडीतून आणणारा पेसामिनो दारातच उभा होता. लेउतूने त्यालाच चटईवर आडवा केला.

"हसू नका रे," तो पोरांना म्हणाला, "हे पोट तारोचे कंद खाऊन कमावलंय."

पोरं खिदळली. लेउतूने त्याच्या छातीवर जेल लावलं. साऱ्या बेटाची पोरं तपासणाऱ्या या बाईने भावाचं हृदय कधीच पाहिलं नव्हतं. त्याला काय झालंय ते ठाऊकच होतं ना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पडद्यावर महाधमनीची झडप आली. तीन पाकळ्या हव्यात तिथे दोनच, माशाच्या तोंडासारख्या उघडत-मिटत होत्या. तिने कोन बदलून पुन्हा पाहिलं. दोनच. घशाच्या तापाची एकही खूण नव्हती. शेजारची झडप तर अगदी निरोगी होती. हा दोष जन्माआधीचा होता. तिने राजधानीतल्या डॉक्टरांना चित्रं पाठवली आणि दुपारी त्यांनीही तेच सांगितलं.

पेसामिनो आधी फुकट गेलेल्या सुयांवरून कुरकुरला. मग "आईला सांग," म्हणाला. "आजच."

सोफाइया तिथल्या रीतीप्रमाणे घरापुढेच बांधलेल्या नवऱ्याच्या थडग्यावरची पानं झाडत होती. आपण आईचं ओझं उतरवायला आलोय, असं लेउतूला वाटत होतं. ऐकता ऐकता सोफाइयाच्या हातातला खराटा गळून पडला.

"म्हणजे माझ्या पोटाचा दोष?"

"कुणाचाच नाही गं आई. मूल घडतानाच होतं असं."

"सभेत बोलायचीस तेव्हाही अशीच खात्रीने बोलायचीस."

लेउतूला मान वर करवेना. चुकलं माझं, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

सोफाइया थडग्याच्या काठावर बसली. मग लेउतूकडे न बघताच ती बोलली.

"पेसामिनोच्या त्या तापानंतर तुझ्या बापाने माझ्या हातचं खाल्लं नाही. त्याचं ताट त्याच्या बहिणीकडून यायचं. तुम्हा पोरांना वाटायचं, बहिणीची माया. मरतानासुद्धा पाणी तिच्याच हातून घेतलं त्याने."

तिने थडग्यावर हात ठेवला.

"आता हे त्याला तूच सांग. तुझं सगळे ऐकतात."