जलशाला जाताना पायात काय घालावं

गाणं ऐकायला जाणाऱ्यांच्या गप्पा गाण्याच्याच असतात, असं तुम्हाला वाटतं ना? आमच्या कंपूच्या नव्हत्या. आमच्या गप्पा चपलांच्या! परळच्या मैदानावर भाद्रपदात जलसा व्हायचा. तिथे कोण काय गायलं ते विचाराल तर मी गडबडेन. पण कुणाच्या पायात काय होतं ते विचारा, आत्ता सांगते. चिखलातून पाय उचलला की बरोबर ढेकूळ येतं ना, तसा एका किश्श्याला चिकटून दुसरा येतो.

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. सकाळी मोर्चा, दुपारी सभा, आणि सणाच्या दिवसांत त्याच मैदानावर गाणं. पोवाडे, भजनं, नाट्यगीतं, सगळं एकाच स्टेजवर. मैदान म्हणजे गिरणीच्या मागची उघडी जागा. पावसात तिथे घोट्याच्या वरपर्यंत चिखल. मंडळाचे लोक फळ्या टाकून वर जाजम अंथरायचे. म्हणजे चालायचं चिखलातून आणि बसायचं जाजमावर, चपला कडेला काढून. तेव्हा पायात काय घालावं, हा आमच्यापुढचा दरवर्षीचा प्रश्न.

* * *

प्रधानांपासून सुरू करते. त्यांची बायको कुसुम माझ्याच शाळेत शिकवायची. शाळा परळला, मी राहायला गिरगावात, हे दोघं शिवाजी पार्कला. प्रधान फोर्टमध्ये एका सॉलिसिटरकडे. माणूस भलता टापटीप. गाण्याला जायचं ते गाणाऱ्याचा मान राखून, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पहिल्या वर्षी ते काळेकुळकुळीत पंपशू घालून आले. कुसुम सांगत होती, अहो, चिखल आहे. हे म्हणाले, मी कडेकडेने चालेन.

आता मैदानाला कसली आलीये कडा? स्टेजवर तंबोरे लागायला लागले आणि प्रधानांनी पाय उचलला. पाय आला, पंपशू तिथेच राहिला. त्यांना पत्ताच नाही! कान तंबोऱ्याकडे. जाजमापाशी येऊन वाकले, एक बूट काढला आणि दुसरा काढायला गेले तर हातात नुसता मोजा. आमच्याकडे बघून विचारतात, "मी घरून निघालो तेव्हा दोन होते ना?"

कुसुम शांतपणे म्हणाली, "आमच्या लग्नात बहिणीने ह्यांचे बूट लपवले होते. ह्यांना ते सासरहून घरी गेल्यावर कळलं."

* * *

याच्या अगदी उलट दत्ताराम परब. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, तिच्यामुळे तिची आई शांता आणि परब आमच्यात आले. परबांच्या चपला मोटारीच्या टायरच्या. नाक्यावरच्या चांभाराकडून मापाने करून घेतलेल्या. वजन एवढं की शांता म्हणायची, ह्यांचे पाय कधी दुखत नाहीत पण जमीन दुखत असेल.

तर तेव्हा चळवळीतल्या लोकांची धरपकड चालू होती. एक दिवस सकाळी परबांच्या चाळीच्या बोळात हवालदार आला. ओल्या मातीत टायरचे ठसे! हवालदार चक्रावला. बोळ एवढासा, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागे. त्याला वाटलं, पत्रकं घेऊन इथून कुणाची तरी गाडी गेली. त्याने परबांनाच विचारलं, इथून मोटार गेली का?

परब चपला घालून समोर उभे. म्हणाले, "गेली, सायब. हडसूनच गेली. पण लय हळू."

हवालदार पुढच्या बोळात मोटार शोधायला गेला. परब त्याच चपलांनी कामावर गेले.

* * *

माझंही ऐका. आमच्या शाळेच्या पीटीच्या बाईंनी मला सांगितलं, कॅनव्हासचे बूट घे, हलके असतात. मी घेतले. आदल्या दिवशी त्यांना छान पांढरा रंग लावला आणि गॅलरीत वाळवले. मैदानावर पाऊस लागला आणि रंग सुटला. बूट काढले तरी मोजे पांढरे, आणि जाजमावर माझ्या पावलांची पांढरी रांग. स्वयंसेवक ती रांग बघत बघत थेट माझ्यापाशी आला आणि म्हणाला, बाई, रांगोळी बाहेर घालायची असते.

सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन बूट दोरीवर टांगले. ते आठवडाभर वाळले नाहीत. येता-जाता त्यांच्यातून पाणी टपकायचं आणि ते कशाला टांगलेत म्हणून विचारायला घरात कुणी नव्हतं. आई आदल्याच वर्षी गेली होती. चांगला किस्सा घरी नेला तरी तो सांगायला कुणीतरी लागतंच. मी तो भिंतीला थोडाच सांगणार?

* * *

आता आमची खरी युक्ती सांगते. मैदानावर चपलाचोर फार. गाणं रंगात आलं की हे कडेने फिरणार आणि चांगली जोडी बघून उचलणार. त्यावर शांता परबने उपाय काढला होता. त्याला आम्ही जोडी फोडणं म्हणायचो. नवऱ्याची डावी आणि बायकोची उजवी एकत्र, बांबूच्या कुंपणापाशी ठेवायची. नवऱ्याची उजवी आणि बायकोची डावी दुसऱ्या टोकाला. अशी विजोड जोडी चोर घेऊन करणार काय? परबांची टायरची चप्पल आणि शांताची नाजूक कोल्हापुरी शेजारी-शेजारी बघून चोरालाही हसू येत असेल. प्रधानांनीही पुढे तेच सुरू केलं.

राहिले मी. मी माझी जोडी कुणाबरोबर फोडू?

पहिल्या वर्षी माझ्या चपला तशाच जोडीने ठेवल्या आणि गेल्या. ट्राममध्ये अनवाणी चढले. दुसऱ्या वर्षी मी माझीच एक या टोकाला ठेवली, एक त्या टोकाला. चोराने हात लावला नाही, पण एकट्या चपलेला कुत्र्याने नेलं. मग शांताने तिघांची अदलाबदल करून पाहिली. त्यात असा घोटाळा झाला की परब माझी एक चप्पल पिशवीत घालून लालबागला घेऊन गेले आणि मी त्यांची टायरची ओढत गिरगावात आले.

दुसऱ्या दिवशी परब चप्पल परत करायला शाळेत आले. जाताना साधंच बोलले, "बाई, चपलेक जोडीदार होयो. नायतर ती रवना नाय."

ते चपलेबद्दलच बोलत होते. मला मात्र तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. मुलींना वाटलं खडूची धूळ गेली.

* * *

आमच्या चाळीत प्रत्येक दारापुढे चपलांचा ढीग. माझ्या दारापुढे एकच जोड. शेजारच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन सल्ला दिला, एकटी राहतेस, दाराबाहेर एखादी पुरुषाची चप्पल ठेवत जा, म्हणजे भलतंसलतं कुणी फिरकत नाही. त्या अगदी मनापासून सांगत होत्या. मी म्हटलं, काकू, कुणाची ठेवू? त्या म्हणाल्या, अगं, कुणाचीही, नुसती दिसायला.

मी काही ठेवली नाही. दादरला माझा भाऊ होता, तो अधूनमधून स्थळं आणायचा. सगळी आपल्यातली, घरंदाज, आणि बहुतेक बिजवर. त्याला मी नाही म्हणायचे आणि परत आपल्या एका जोडाशी यायचे.

* * *

मग कांबळे आले. परबांची त्यांच्याशी मोर्च्यातली ओळख. शिवडीला बंदराच्या गोदामात कारकून, राहायला नायगावला. दीक्षा घेतल्याला फार दिवस झाले नव्हते. लहानपणी आंबेडकरी जलशात कोरसला उभे राहिलेले, त्यामुळे गाण्याचा कान पक्का. माणूस थोडं बोलणारा, एकटाच राहणारा.

ते पहिल्यांदा आले ते गोदामातले गमबूट घालून. गुडघ्यापर्यंत! आम्ही पाचही जण चिखलात कसरत करतोय आणि हे रस्त्यावरून चालावं तसे आले. प्रधान तर हेव्याने बघत राहिले. पण बसायची वेळ आली तेव्हा कांबळे बसेनात. बांबूला टेकून उभे. एक गाणं झालं, दोन झाली, हे उभेच. शेवटी मी विचारलं, अहो, तुम्ही बसत का नाही?

"बाई, हे काढायला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "गोदामात आम्ही एकमेकांचे ओढतो. घरी मी दाराच्या फटीत अडकवतो."

सगळे हसले. मला दाराच्या फटीत पाय अडकवून उभा असलेला माणूस दिसला आणि मी हसता हसता थांबले. तीन दिवस ते उभ्याने गाणं ऐकत होते. कोरस आला की त्यांचे ओठ हलायचे, ते मला जाजमावरून दिसायचे. तिसऱ्या दिवशी मी काय गाणं ऐकलं ते मला खरंच सांगता येणार नाही.

* * *

आता शेवटचा. हा सांगितल्यावर मला काही विचारायचं नाही.

पुढच्या वर्षीचा जलसा, रविवारची दुपार. पाऊस आदल्या दिवसापासून लागलेला, मैदानाचं खाजण झालेलं. अशा दिवशी गमबूट नाही घालायचे तर कधी? आणि कांबळे आले ते साध्या कातडी चपला घालून. नव्या होत्या. चिखलात त्यांची पार दशा झाली होती. परबांनी विचारलं, गमबूट कुठे? ते म्हणाले, नको वाटले.

जाजमापाशी आल्यावर त्यांनी चपला काढल्या. माझ्या लाल पट्ट्याच्या चपला मी काढून हातात धरल्या होत्या. त्यांनी न बोलता हात पुढे केला. माझी उजवी आणि त्यांची डावी कुंपणापाशी ठेवली. माझी डावी आणि त्यांची उजवी दुसऱ्या टोकाला. मग येऊन आमच्यात बसले, माझ्या आणि परबांच्या मध्ये. शांताने कुसुमकडे बघितलं. मी कुणाकडेच बघितलं नाही. मला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

शाहिरांचं झालं. सगळ्यांनी एक व्हा, एका जिवाने उभे राहा, अशी गाणी. लोक माना डोलावत होते. मध्यंतरात पावसाची मोठी सर आली आणि कुंपणाकडच्या बाजूने पाणी चढलं. तिथल्या चपला तरंगायला लागल्या. स्वयंसेवकांनी त्या गोळा करून स्टेजवर नेल्या. मंडळाचा निवेदक होता जरा खट्याळ. त्याने माइक हातात घेतला.

"एका गृहस्थांचा पंपशू आणि एका ताईंची चप्पल एकत्र सापडली आहे. जोडप्यानं मिळून यावं आणि घेऊन जावं!"

लोक हसले. प्रधान लाजले, पण कुसुमने त्यांना उठवलं. दोघं स्टेजपर्यंत गेली, मैदानाने टाळ्या वाजवल्या. मग टायरची चप्पल आणि कोल्हापुरी. परब आणि शांता गेली. गिरणीतले लोक ओळखीचे, त्यांनी तर शिट्ट्या वाजवल्या. परबांनी वाकून नमस्कार केला.

"आता ही एक राहिली," निवेदक म्हणाला. "पुरुषाची नवी कातडी चप्पल आणि बाईंची लाल पट्ट्याची. जोडप्यानं यावं!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. पुढच्या रांगेत आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. माझ्या भावाचे दोन शेजारी होते. शाळेतल्या मुली होत्या आणि त्यांच्या आया होत्या. कांबळ्यांकडे त्यांच्या वस्तीतली चार माणसं बघत होती. कोण कुठल्या घरातली आणि कोण कुठल्या, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रधानांनी घसा खाकरला. शांताने माझ्या पाठीवर हात ठेवला.

निवेदकाने पुन्हा पुकारलं. कांबळ्यांनी एक गुडघा उभा केला, उठायच्या तयारीत. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "गाणं सुरू होतंय."

गाणं सुरू झालं नव्हतं. पेटीवाला अजून चहा पीत होता. त्यांनी गुडघा खाली केला. लोक थोडं हसले आणि परत पुढे बघायला लागले.

दिवेलागणीला जलसा संपला. निवेदक ती जोडी समोर ठेवून स्टेजच्या पायरीवरच बसला होता, कोण येतंय ते बघायला दहा-बारा टगी पोरं त्याच्याभोवती. परब म्हणाले, मी आणतो. कांबळे म्हणाले, राहू दे. दुसऱ्या टोकाला राहिलेल्या दोन चपला त्यांनी उचलल्या आणि माझ्याबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत आले. आम्ही दोघंही अनवाणी.

ट्राम आली तेव्हा त्यांनी दोन्ही चपला माझ्यापुढे ठेवल्या. माझी डावी, त्यांची उजवी. म्हणाले, "घाला. रस्त्यात काचा आहेत."

मी घातल्या आणि चढले. खिडकीतून पाहिलं तर ते थांब्यावर तसेच उभे होते, पायांत काहीच नाही.

कंडक्टर आला. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, एका पायात बाईची, एका पायात पुरुषाची. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिकिटांचा गठ्ठा हातात धरून विचारलं, "बाई, एक की दोन?"

"एक," मी म्हटलं.