उसनी पावलं

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत असा एकही जिना नसेल जो मीटरवाल्या काकांनी चढलेला नाही, आणि त्यातले निम्मे तरी त्यांनी दुसऱ्याच्याच पावलांनी चढलेत. यातलं पहिलं अर्धं सगळ्यांना पटतं, कारण काकांची उभी हयात घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात गेली. दुसऱ्या अर्ध्यावर लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मलाच डॉक्टरला दाखवायला हवं. दाखवा खुशाल. मी ती पावलं ऐकलीत.

काका मला भेटले ते कल्याणला, जेलच्या गेटबाहेर. माझा दादा एका बिल्डरच्या ऑफिसात कागदांवर सह्या करायला होता. सह्या त्याच्या, जमीन भलत्याचीच. बिल्डर पसार आणि दादा आत. दादाला भेटायच्या, म्हणजे मुलाखतीच्या, पहिल्याच दिवशी मी आधार कार्डाची झेरॉक्स घरी विसरलेले आणि भर उन्हात रडत उभी होते. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले एक काटकुळे गृहस्थ जवळ आले. झेरॉक्सचं दुकान दाखवलं, नाव कुठल्या खिडकीवर लावायचं ते सांगितलं, आपल्याला परवडत नसेल तर सरकारकडून वकील मिळतो, त्याचा अर्ज कसा करायचा तेही समजावलं. इथपर्यंत अगदी देवमाणूस. आणि मग एकदम गंभीरपणे विचारलं, "भाऊ घरी आला की आधी पंखा लावतो, की आधी पाणी पितो?" मला वाटलं, झालं, उन्हाने डोकं फिरलं बिचाऱ्यांचं.

"तुम्हाला काय करायचंय, काका?" मी जरा तोडूनच बोलले. माझं तोंड तसं चांगलं नाही, हे कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सगळ्या बिल्डिंगीला ठाऊक आहे.

"घरी जेवत नाहीये ना कोणीतरी?" ते म्हणाले.

जेवत नव्हती ती आई. काचबिंदूने तिची नजर गेलेली, सावल्या तेवढ्या दिसतात. संध्याकाळचं ताट ती दादा आल्याशिवाय घ्यायची नाही, ही वर्षानुवर्षांची सवय. त्याला धरून नेल्यापासून "तो येऊ दे" एवढंच म्हणायची आणि दाराकडे कान लावून बसायची. जेलबिल तिला सगळं सांगितलेलं, तरी तेच. दीड महिन्यात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर तुमचा भाऊ सुटेल तेव्हा आई नसेल.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला कसं काय सांगितलं, कोण जाणे. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माणूस आत गेला की घरातली त्याची जागा बुजायला लागते, पोरी. ती उघडी ठेवावी लागते." मग त्यांनी तासभर माझी उलटतपासणी घेतली. दादा दोन-दोन पायऱ्या चढतो का? कुठे दमतो? किल्ली खिशात असते की हातात? खाकरतो का, आणि कितव्या मजल्यावर? वकिलानेसुद्धा दादाबद्दल इतकं विचारलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सव्वासात वाजता मी कांदा चिरत होते आणि जिन्यावर दादा आला. दोन-दोन पायऱ्या, कठड्यावर किल्लीची टकटक, दुसऱ्या मजल्यावर खाकरणं, शेवटच्या चार पायऱ्यांवर पाय ओढणं. माझ्या हातातली सुरी पडली. बिल्डिंगमधला कुत्रा, जो दादाशिवाय कोणापुढे शेपूट हलवत नाही, तो आमच्या दाराशी उठून शेपूट हलवायला लागला. मग त्याने वास घेतला आणि कुईं करत थेट गच्चीवर पळाला. आई मात्र उठली. "आला गं," म्हणाली, "पानं घे."

दारात काका. चप्पल बरोबर दादाच्या कोपऱ्यात काढली, पंखा लावला, पाणी प्यायले आणि अक्षर न बोलता पाटावर बसले. आई त्यांच्यासमोर बसून मूदभर भात जेवली. काकांनी स्वतःच्या ताटाला बोट लावलं नाही. "ते त्याचं आहे," असं मला हातानेच खुणावलं. मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि त्याच वेळी अंगावर असा काटा आला की मी त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत बसले.

तेव्हापासून रविवार सोडून रोज. बरं, आमचं एकच घर असतं तर गोष्ट वेगळी. काका साडेपाचला कळव्याला एका ट्रक ड्रायव्हरचं दार वाजवायचे, सव्वासातला आमच्याकडे, आणि नवाला टिटवाळ्यात कोणा दोन लहान मुलींचे बाबा. माणसाला जन्मात एकदा धड घरी यायला जमत नाही, आणि हा बाबा एका संध्याकाळी तीनदा घरी यायचा! एकदा घोटाळा झालाच. जिन्यावर जड, फरफटणारी पावलं आली आणि दारात कोणीतरी घसा फोडून खोकलं. आई पांढरीफटक पडली. "अगं, हा कोण?" मी दार उघडलं तर काका, पण चेहरासुद्धा भलत्याच कोणाचा वाटत होता. दोन क्षण त्यांनी मला ओळखलंच नाही. मग कपाळावर हात मारून घेतला, "अरे देवा, हे कळव्याचं!" आणि खाली जाऊन दादा होऊन परत वर आले.

त्या दिवशी मी त्यांना खोदून विचारलं, हे वेड कुठून लागलं? ते म्हणाले, "आमचे वडील आत होते. मी आठ वर्षांचा. सुटून आले तेव्हा त्यांच्या जागेवर शिवणयंत्र आलेलं. ते दारात उभे राहिले आणि आमच्यातलं कोणी सरकलंच नाही." मग पिशवी उचलली आणि टिटवाळ्याला निघाले.

काका यायला लागल्यापासून चौदा महिन्यांनी दादाला जामीन मिळाला. आम्ही दुपारी घरी आलो. दादा जिना चढला तो भिंतीला धरून, एकेक पायरी, आवाज न करता. आत ओळीत चालायची सवय झालेली. "आई, मी आलो," म्हणाला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाली, "बस हं बाळा. तो येईलच एवढ्यात."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकला. सव्वासात वाजले. दोन-दोन पायऱ्या, किल्ली, खाकरणं. आई लगबगीने उठली, तोंडभर हसत, "आला गं!" आणि दादा कॉटवर बसून स्वतःला जिना चढताना ऐकत होता. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

काका दारात थबकले. उठून उभ्या राहिलेल्या दादाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पहिलं वाक्य काय? "अरेच्चा, तू भार उजव्या पायावर देतोस! मी चौदा महिने डाव्यावर दिला!" मग दादाच्या दंडाला धरून त्याला सरळ खाली घेऊन गेले.

आठ दिवस आमच्या जिन्यात शिकवणी चालली. शेजारचे दारं उघडून बघायचे. काका पुढे, दादा मागे, दोघांची एकच पावलं. "दोन पायऱ्या एकदम! घाबरतोस कशाला? तुझंच घर आहे!" नवव्या दिवशी मी ऐकलं, तर पावलं एकट्याचीच होती. मध्येच चुकत, पुन्हा सावरत. आई दाराशी गेली, त्याचा कान धरला आणि ओरडली, "किती रे उशीर?" दादा ताटावर बसून ढसाढसा रडला आणि जेवला. खिडकीतून बघितलं, तर काका केव्हाच गल्लीच्या टोकाला पोचलेले.

ते पुन्हा आले नाहीत. महिन्याभराने, दादाला भात वाढता वाढता, आईने हळूच विचारलं, "तो दुसरा जेवला असेल का गं?"

मी दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन कल्याणला गेले. काका गेटबाहेर कोणा नव्या बाईला पंखा आधी की पाणी आधी विचारत होते. मी आईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते डबा घेऊन कट्ट्यावर बसले आणि वरणभात कालवून, मान खाली घालून, घाईघाईने, आठ वर्षांच्या पोरासारखे जेवले. तसं जेवताना मी त्याआधी कोणालाच पाहिलं नव्हतं. डबा नळाखाली धुऊन परत दिला आणि म्हणाले, "आईंना सांग, दुसरा जेवला."