मेली नाई, गाऊन राह्यली

"थांबजा. सम येऊ द्या."

एक बोट वर करून हे वाक्य माझ्या समोरच्या दुकानदारांनी म्हटलं नाही, असा दिवस मला आठवत नाही. चहावाल्याने विचारलं, साखर कमी का, की बोट वर. गिऱ्हाइकाने बियाण्याचा भाव विचारला, की बोट वर. सम म्हणजे ताल फिरून फिरून ज्या पहिल्या ठोक्यावर येऊन बसतो ती जागा. यांच्या डोक्यात दिवसभर कोणता ना कोणता ठेका चालू असायचा आणि तो समेवर आल्याशिवाय माणूस उत्तर द्यायचा नाही. माझं डोकं फिरायचं. आधीच मी तापट, त्यात दुसऱ्याच्या समेची वाट कोण पाहत बसणार?

वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत त्यांचं कृषी केंद्र आणि रस्त्याच्या अलीकडे माझं फ्रेमचं दुकान. फ्रेमच्या दुकानात काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. देव येतात, नवरा-नवरी येतात आणि वारलेली माणसं येतात. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांनीच काढलेला एका म्हातारीचा फोटो होता. तोंड पडजीभ दिसेल इतकं उघडं, डोळे घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, वर उचललेल्या हातात खंजिरी. मी सवयीने पेन काढला आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, "कधी वारल्या? खाली तारीख टाकायची ना?"

"मेली नाई ना बाप्पा," ते म्हणाले. "गाऊन राह्यली."

ती हिंगणीची कुंतामावशी. तिथल्या महिला भजन मंडळाची म्होरकी.

भजन स्पर्धा म्हटली की हा माणूस दुकानाचं शटर पाडायचा आणि आर्वी म्हणू नका, सेलू म्हणू नका, कॅमेरा घेऊन निघायचा. स्टेजवर चढून फोटो काढणारे वेगळे. हे खाली सतरंजीवर, साथ धरणाऱ्या बायांच्या शेजारी मांडी घालून बसायचे. गुडघा हलत राहायचा. समेवर बाईचा आवाज आणि चेहरा दोन्ही मोकळे झाले की बटण दाबायचे, एकदाच. त्यामुळे त्यांच्या एकाही फोटोत एकही बाई नीटनेटकी नाही. बायाही कुरकुरायच्या. "भाऊ, जरा बरा फोटो काढत जा ना."

"बरा फोटो आधार कार्डावर हाये ना तुमचा," हे म्हणायचे.

वर्तमानपत्रवाले त्यांच्याकडून फोटो मागवून घ्यायचे आणि त्यातल्या कोपऱ्यात चुकून आलेला प्रमुख पाहुणा तेवढा कापून, मोठा करून छापायचे. पेपर घेऊन हे माझ्याकडे यायचे. "ह्या माणसानं एक ओळ तरी म्हटली काय?" पुढे पुढे पाहुणा कोपऱ्यातसुद्धा येणार नाही अशी जागा धरून बसायला लागले. मग पेपरवाल्यांनी फोटो मागणंच सोडलं. यांनी हौस सोडली नाही.

शेवटी वर्ध्याच्या एका सभागृहाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. यांना त्यातून एकच हवं होतं. ज्या बायांना घरीदारी 'हळू बोल' म्हणून गप्प करतात, त्यांचा मोकळा गळा भिंतीवर लागावा आणि त्यांनी स्वतः येऊन तो पाहावा. सभागृहाच्या सचिवांनी फोटो पाहिले आणि नाक मुरडलं. "ही उघडी तोंडं नकोत. हसरे चेहरे लावा. पाहुणे येणार आहेत."

"तोंड मिटून भजन होते काय, साहेब? लागतीन तं सगळे लागतीन, नाई तं एकही नाई."

पत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून सचिवांनी होकार दिला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी फ्रेमा टांगल्या आणि जेवायला घरी गेलो. तेवढ्यात तिथल्या डेकोरेटरने घोळ घातला. आपल्याकडे कार्यक्रमाच्या दिवशी भिंतीवर चेहरा दिसला की हात आपोआप हाराकडे जातो. त्या शहाण्याने प्रत्येक फोटोला झेंडूचा हार घातला. कुंतामावशी सगळ्यांत वयस्कर, म्हणून तिच्यासमोर अगरबत्तीही लावली.

मी परत आलो आणि मागोमाग बायांची गाडी आली. एका रंगाच्या नव्या साड्या नेसून बाया हसत आत शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. "अवं माय," म्हणून एक रडायलाच लागली. दुसरी म्हणाली, "चला वं, निघा इथून. जित्या माणसाले हार घालतेत काय?" सचिव मला ऐकू येईल असं पुटपुटले, "म्हणूनच म्हणत होतो, हसरे लावा." डेकोरेटरला धरून हाणावं असं मला वाटत होतं. आणि हे भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. बाया अशा गेल्या असत्या तर पुन्हा यांच्या कॅमेऱ्यासमोर एकीनेही तोंड उघडलं नसतं.

कुंतामावशी आपल्या फोटोसमोर गेली. मग तिने अगरबत्ती उचलून डेकोरेटरच्या हातात दिली, फोटोचा हार काढला आणि आपल्या गळ्यात घातला.

"माह्यासाठी आणला ना? मंग मीच घालतो," ती म्हणाली आणि खंजिरीवर थाप मारली.

एकेक करून सगळ्यांनी आपापल्या फोटोचा हार काढून गळ्यात घातला आणि मागे उभं राहून सूर धरला. भजन ऐन रंगात आलं आणि प्रमुख पाहुणे दारात आले. त्यांना घालायला हार उरला नव्हता. सचिव बायांना थांबवायला धावले, तर यांचं बोट वर.

"थांबजा. सम येऊ द्या."

समेवर त्यांनी बटण दाबलं. मग कॅमेरा छातीवर सोडून दिला आणि टाळ्या वाजवत स्वतःही गायला लागले. आवाज अगदी भसाडा. मी खिशातून मोबाइल काढला आणि त्यांचा एक फोटो घेतला.

हार घातलेल्या बायांचा तो फोटो पुण्याच्या एका मासिकाने पानभर छापला, काही न कापता, खाली यांचं नाव घालून. अंक घेऊन हे हिंगणीत दारोदार फिरले.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं. मुलाने फ्रेमसाठी पासपोर्ट फोटो आणून दिला, कॉलर ताठ, ओठ मिटलेले. मी तो बाजूला ठेवला आणि माझ्या मोबाइलमधला काढून दाखवला.

"काका, पाहुणे येतील. बरं नाही दिसणार."

"बरा फोटो आधार कार्डावर हाये त्यांचा," मी म्हटलं आणि काच कापायला घेतली.

तेरवीला फोटो मांडला होता, हार घातलेला. कुंतामावशी हिंगणीहून आली. तिने फोटो पाहिला, हार काढून आपल्या गळ्यात घातला आणि पिशवीतून खंजिरी काढली. पहिल्या ओळीलाच घर भरून गेलं. मलाही राहवलं नाही, डोळे वाहायला लागले. त्यांचे एक म्हातारे सोयरे तरातरा माझ्याकडे आले. "अहो, हे काय चालवलंय? तुम्ही तरी सांगा तिले."

मी एक बोट वर केलं.

"थांबजा," मी म्हटलं. "सम येऊ द्या."