हिरड्यांचा रंग

रोह्याच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये काम करत होते, तेव्हा कोलाडचं एक स्थळ मला पाहून गेलं. निरोप आत्याकडे आला: मुलगी चांगली आहे, पण हसली की हिरड्या काळ्या दिसतात. आत्याने तो मला सगळ्यांसमोर, जेवताना सांगितला.

त्याच आठवड्यात ती मला पेणला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी माझा ओठ बोटाने वर उचलला आणि बोलले ते आत्याशी. "आजार काही नाही. मुळात रंगच असा आहे. लेसरने वरचा थर काढला की गुलाबी होतील. टाके नाहीत, रक्तही फारसं नाही."

"मग कराच," आत्या म्हणाली.

माझा ओठ अजून त्यांच्या बोटावर होता. तो सुटल्यावरही मी काही बोलले नाही, याचा राग मला आजही येतो.

हिरडीत इंजेक्शन दिलं, डोळ्यांवर जाड गॉगल चढवला. दुखलं नाही. वास मात्र आला, केस जळल्यासारखा, आणि तो माझ्याच मांसाचा होता. पुढचे आठ दिवस मी गार पेज पिऊन कामावर गेले. मैत्रीण विचारायची, "काय झालं गो?" मी अक्कलदाढेचं नाव सांगायचे.

हिरड्या खरंच गुलाबी झाल्या. आत्याने कोलाडच्यांना पुन्हा बोलावलं. मुलाची आई म्हणाली, "हस बघू जरा." मी तोंड मिटून बसले. तिने परत सांगितलं, तेव्हा उठून आत गेले. स्थळ तिथेच मोडलं.

वर्षभरात रंग परत आला. आधी दातांच्या फटींजवळ ठिपके, मग सगळीकडे.

आत्या म्हणाली, "परत करून घेऊ. रंग कधीकधी येतो, डॉक्टर बोलले होते. तू बाहेर होतीस तेव्हा."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"व्हय. पण लग्न होईपर्यंत टिकला असता की."

मी भिंतीवरचा आरसा काढून तिच्यापुढे धरला. "तोंड उघड, आत्या. आधी तुझ्या करू. आपल्या घरात सगळ्यांच्या अशाच हायत."

तिने उघडलं नाही. पिशवी उचलून निघून गेली. तेव्हापासून ती आमच्याकडे येत नाही आणि मी बोलवत नाही. मध्यंतरी रोहा स्टेशनवर समोर आली. मला पाहून तिने पदर तोंडाशी नेला. मला वाईट वाटलं नाही.