तारेवरची गोधडी

पिंप्राळ्याच्या भूपेंद्रने एक गोधडी उचलली आणि भिकनआबांचा उजवा हात गेला.

त्याची नवी कोरी जीप शिरपूरजवळच्या नाल्यात पोटापर्यंत रुतली होती. सातपुड्याच्या पायथ्याला असं झालं की लोक भिकनआबांनाच हाक मारायचे. आपल्या जुन्या गाडीच्या विंचने, म्हणजे तार गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, आबांनी वीस वर्षांत ट्रॅक्टर ओढले, ट्रक ओढले, एकदा तर नवरदेवासकट वऱ्हाडाची बस ओढली. त्यांचं सोवळं एकच: ताणलेल्या तारेवर बायकोची, सुंदरबाईंची, जाड गोधडी टाकायची, म्हणजे तार तुटली तरी उसळत नाही. पण भूपेंद्र व्हिडिओ काढत होता आणि ती चिंध्यांची गोधडी त्यात शोभेना. आबांची पाठ वळताच त्याने ती हळूच उचलली. तार तुटली ती सपकन आबांच्या मनगटावर.

दोन महिन्यांनी तो आबांसाठी नवी विंच घ्यायला धुळ्याच्या एका दुकानात उभा होता. गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी विंच हवी, तार बरी की न उसळणारा दोर, मोटर पाण्यात टिकेल का. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने एवढी चौकशी केली नव्हती. आबांचा धंदा पुन्हा उभा राहिला की आपल्यालाही झोप लागेल, अशी त्याला आशा होती. त्याने तिथूनच फोन लावला.

"आबा, किमतीचं मनात आणू नका. तारेची घेऊ की दोराची?"

"कोनतीबी लई ये, पन ती चालवाले हात बी लई ये."