शंभरावरचे दहा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. कुणी वाचलंच, तर सांभाळून घ्या. चौथीपर्यंतच शिकले. पण ज्यांच्याविषयी लिहिते आहे, ते काका माझं अक्षर बघून एवढंच म्हणायचे, "आकडा वाचता आला की झालं."

थंडीत सकाळी मुलुंडच्या खाडीकडे गेलात, तर गळ्यात दुर्बीण घातलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. जानेवारीतल्या ठरलेल्या रविवारी ती पक्षी मोजतात. पगार नाही, चहासुद्धा घरून न्यायचा. काका त्यांच्यात सगळ्यात म्हातारे. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. एका वर्षी त्यांचा हात इतका कापायला लागला, की पेन धरवेना. म्हणाले, "रविवारी चल माझ्याबरोबर. मी बोलेन, तू लिही."

"काका, माझी चौथी झालीय फक्त."

"फ्लेमिंगोंची तेवढीही नाही. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. बस."

दुर्बिणीला डोळे लावून ते अख्खा थवा दहा-दहाने तोडायचे. "दहा... दहा... दहा..." दर दहाला डावा पाय हलकेच आपटायचे. मी त्या वर्षीच्या वहीत दर दहाला एक रेघ मारायची. दहा रेघा झाल्या की गोल.

पहिल्याच वर्षी आकडा घसरला. काका घरी येऊन जेवले नाहीत. "गेले गं. पक्षी गेले." खाडीकाठच्या नव्या टॉवरच्या दिव्यांनी पळवले, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षीही कमीच, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. मग ते भाजीवाल्याला सांगायचे, वॉचमनला सांगायचे. लिफ्टमध्ये सांगायला लागले की माणसं आपला मजला यायच्या आतच उतरायची. रात्री झोप नाही म्हणायचे. दोन पोळ्यांची एक झाली.

चौथ्या वर्षी घाटकोपरहून एक कॉलेजची मुलगी आली. आमच्या शेजारी बसून तिने तोच थवा मोजला. तिचा आकडा बराच मोठा आला. सगळ्यांसमोर काका तिला म्हणाले, "माझी बाई चुकत नाही. तू पुन्हा मोज."

पोरगी लाल झाली. मी तिच्या कागदात डोकावले. प्रत्येक गोलानंतर लगेच रेघा सुरू.

"अगं, वरचे कुठे सोडलेस?"

"वरचे म्हणजे, मावशी?"

मी माझी वही मिटली. आमच्या गावी घरी नारळाचा धंदा. शाळा सुटली ती नारळ मोजायलाच. शंभर मोजून झाले की दहा वर टाकायचे, गिऱ्हाइकाचे. ते मोजायचे नाहीत. मला वाटलं, मोजणं म्हणजे जगात असंच असतं. गोल काढला की काकांचा पुढचा पहिला दहा मी सोडून द्यायचे. मनात म्हणायचे, हे खाडीचे.

आठ दिवस बोलले नाही. सांगावं तर चारचौघांत त्यांचं नाक कापलं जाणार, न सांगावं तर माणूस झुरतोय. नवव्या दिवशी तव्याकडे बघत, त्यांच्याकडे पाठ करूनच सगळं सांगितलं. वळले तर काका हसत होते. खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे चार वर्षं तू खाडीला नारळ विकलेस!"

मग डोळे पुसून म्हणाले, "वह्या काढ. माझे पक्षी परत कर सगळे."

त्याच दिवशी त्या मुलीला फोन करून म्हणाले, "तू बरोबर होतीस. बाईही बरोबर होती. मी विचारलं नाही."

रोज पोळ्या झाल्या की मी बसायचे. प्रत्येक गोलापुढे लाल पेनाने एक रेघ. पहिल्या वर्षीचे सगळे परत आले. तिसऱ्या वर्षीचे मात्र परत करूनही कमीच भरले.

"म्हणजे थोडे मी घालवले, थोडे खरंच गेले?"

"तसंच दिसतंय."

"मग दिव्यांचं खरं होतं, काका?"

"माहीत नाही गं," काका म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तरी त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या. खूश झाले होते की वाईट वाटलं होतं, मला अजून कळत नाही.

चौथी वही अर्धी झाली आणि काका आजारी पडले. दिवाळीच्या आधी गेले. त्यांच्या मुलीने घर आवरताना ती वही मला दिली. "तुमचंच अक्षर आहे," म्हणाली.

काल रात्री शेवटच्या पानावर आले. ते पान गोलावर संपतं. पुढे कोरं. गोलानंतर काका आणखी एकदा दहा म्हणाले होते आणि ते मी सोडले? की थवाच तिथे संपला होता? विचारायला माणूस नाही. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. पण मी कुठे बघत होते, मी तर वहीत होते.

मग काकांचा पाय आठवला. दहावी रेघ मारून मी गोल बंद करत होते तेव्हा शेजारी ओल्या चिखलात चप्पल वाजली होती. एकदाच. मग काकांनी दुर्बीण खाली घेतली.

मी लाल रेघ मारली. थोडी वाकडी आली. पण वाचता येते.