दुलारीबाईंचे चिंचोके

नवेगावबांध मागे पडलं तेव्हा दुलारीबाईंनी चपला काढून पिशवीत टाकल्या. "आता महादेवापर्यंत अनवाणीच," म्हणाल्या. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या महादेवाला पायी जायचा त्यांचा नेम बावीस वर्षांचा. मी पहिल्यांदाच सोबत होते. आमच्या शाळेत त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग, माझ्याकडे चौथीचा. येत्या एकतीस मार्चला त्या निवृत्त होणार, आणि निरोपाच्या दिवशी त्यांच्याबद्दल लिहून वाचायचं काम माझ्यावर आलेलं.

"तुमच्या वर्गातल्या मडक्याचंच लिहिते," मी म्हटलं. "बाकी शाळांचे मास्तर येऊन पाहून गेले ते."

बाई म्हणाल्या, "मडक्याच्या आधीचं तुला कुठं माहीत आहे?"

आधी मडकं नव्हतं, प्रत्येक मुलाचा नाव लिहिलेला डबा होता. वेळेवर आलं की एक चिंचोका, गृहपाठ झाला की एक, पाढा म्हटला की एक. शनिवारी ज्याचा डबा पुढे, त्याला बाई कागदाचं फूल लावायच्या. ते बहुतेक गुंजनलाच. तिच्या घरी धानाची शेती मोठी, अभ्यासाला आई जवळ बसणारी. ओमेश्वरीच्या डब्यात दोन-तीनच. चैत्रात सकाळची शाळा, आणि तेव्हाच मोहफुलं पडतात. पोरगी आईसोबत फुलं वेचून पोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असायची.

गेल्या चैत्रात एका सोमवारी ती फ्रॉकच्या ओच्यात चिंचोके भरून घेऊन आली. घरामागच्या झाडाखालचे, चांगले धुतलेले.

"मॅडम, तुमी देत नाही, म्हून मीच आनली. आता फूल भेटते का?"

सारा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ओमेश्वरी आली नाही.

आठवड्यानं बाई तिच्या घरी गेल्या. आई अंगणात फुलं वाळवत होती.

"कायले येईल ते? पोरं हासले, ते पोरंच हायेत. तुमी काऊन हासल्या, बाई?"

हे सांगताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी तिच्याजवळच बसली आणि फुलं पसरवू लागली. ओमेश्वरी बाजूला टोपल्या मोजून राहिली होती. एक, दीड, पावणेदोन. म्हटलं, हे तर वर्गात तुले येत नाही. म्हणते, वर्गात इचारलं कुठं?"

शाळेत येऊन त्यांनी सगळे डबे एका मडक्यात रिकामे केले. सगळ्यात आधी ओमेश्वरीनं आणलेले चिंचोके टाकले. त्यानंतर मडक्यात चिंचोका पडायचा तो एकाच गोष्टीचा: काल येत नव्हतं ते आज आलं. कुणाला काय आलं, हे सांगायचं शेजारी बसणाऱ्यानं. मडकं भरलं की सगळ्या वर्गाला दुपारभर खेळ.

"गुंजन भांडली असेल," मी म्हटलं.

"भांडली ना. म्हणे, मॅडम, मला तर सारं आधीच येते, मग माझा काय कसूर? तिचंही खरंच होतं. म्हटलं, तू ज्याला शिकवशील त्याचा अर्धा चिंचोका तुझा. महिनाभर रुसून होती तरी."

ओमेश्वरी बाराव्या दिवशी आली. दारातूनच मडक्याकडे गेली, हात घालून आपले धुतलेले चिंचोके ओळखले, मग बसली. आता ती माझ्या चौथीच्या वर्गात अपूर्णांक सांगते. बाईंशी मात्र कामापुरतंच बोलते.

पहाडीच्या पायथ्याशी बाईंनी पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, वर देवळाकडे हात जोडले. मी विचारलं, "मग हे असंच लिहू?"

"लिही. पण एक कर, रुची. मी हसली होती, ते गाळू नको. ओमेश्वरी निरोपाच्या दिवशी समोरच बसली राहील. वर्षभर झालं, 'माझं चुकलं' हे तिच्यासमोर माझ्या तोंडून निघालं नाही. तू वाचशील तेव्हा थोडं हळू वाच, तिला नीट ऐकू जाऊ दे."